विळा, कापूस, चूल, मोगरा, घागर

देवखडीच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर शिवप्रिया रुजू झाल्यापासून सलाईनच्या बाटल्या लटकायच्या कमी झाल्या आणि लोकांची तोंडं वाकडी व्हायची वाढली. अंग दुखतंय म्हणून सुई मागायला आलेल्याला ती सरळ घरी पाठवायची. मॅडमचं तोंड लई फटकळ, असं पार भूमच्या बाजारापर्यंत बोललं जायचं, आणि ते कानावर आलं की तिला मनातून बरं वाटायचं. उमरग्याकडची, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलत वाढलेली ही बाई हुशार होती, यात शंकाच नाही. फक्त आपण हुशार आहोत हे तिला घडीभरही विसरता येत नसे.

गेल्या साली तिला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय होता डोक्याला बसणाऱ्या किरकोळ माराचा. कवटी फुटलेली नसते, रक्त आलेलं नसतं, माणूस चालत बोलत असतो आणि तरी आत मेंदूला हादरा बसलेला असतो. तो ओळखायचा कसा आणि असा पेशंट सांभाळायचा कसा, हे तिथं शिकवलं. परत आल्यावर तालुक्यातल्या डॉक्टरांना तेच शिकवायचं काम तिच्याकडं आलं. भूमच्या एका मंगल कार्यालयात, समोसे खात बसलेल्या, पोटं सुटलेल्या डॉक्टरांपुढं ती उभी राहिली.

“बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, हे आधी डोक्यातून काढा,” ती म्हणाली. “सीटी स्कॅन साफ आला म्हणजे मेंदू साफ, हेही काढा. हादरा स्कॅनमध्ये दिसत नाही. तो पेशंटच्या बोलण्यात दिसतो, चालण्यात दिसतो, आठवणीत दिसतो. तुम्ही विचारलंच नाही तर दिसणार कसा?”

मग विचारायचं कसं ते तिनं करून दाखवलं. पाच शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं परत म्हणायला लावायचे. आठवड्याचे वार उलटे म्हणवून घ्यायचे. एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून, डोळे मिटून उभं करायचं. पुण्यात दिलेले शब्द तिला फार शहरी वाटले होते, म्हणून तिनं इथल्या माणसांसाठी स्वतः निवडून काढले होते. विळा, कापूस, चूल, मोगरा, घागर. त्या पाच शब्दांवर तिचा फार जीव. ते म्हणताना तिचा आवाज बदलायचा. दोघाचौघा डॉक्टरांनी ते उतरवून घेतले आणि बाकीच्यांनी चहा कधी येतोय ते विचारलं.

त्यानंतर फाल्गुनात एका सकाळी कमलबाई आपल्या पोराला घेऊन केंद्रात आली. कमलबाई म्हणजे गावातली विधवा बाई, दोन म्हशी आणि थोडी जिरायत जमीन एवढ्यावर संसार ओढणारी. पोरगा कुलदीप, विशीतला पैलवान. अंगानं दांडगा, कान कुस्तीनं चेपलेले. दारातनं आत येताना त्यानं उजेडाकडं पाठ केली आणि डोळ्यांवर हात धरला. त्यांच्यामागोमाग तालमीचे वस्ताद महारुद्र आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“काय होतंय?” शिवप्रियानं विचारलं.

“दूध ठरंना झालंय पोटात,” कमलबाई म्हणाली. “पिलं की उलटतंय. डोस्कं धरून पडून ऱ्हातो. हलगी वाजली की अंगावर धावून जातो. ह्येला हलगीचं लई याड हो मॅडम, आता त्योच हलगी फोडायला निघाला.”

“काय न्हाय वो, उष्णता झालीय,” वस्ताद म्हणाले. “तेल जिरवलं की बरा हुईल. म्याच म्हणत होतो, कशाला न्यायचं.”

मग हळूहळू हकिगत बाहेर आली. येरमाळ्याच्या पलीकडं एका गावच्या जत्रेत कुलदीपची कुस्ती लागली होती. समोरच्यानं त्याला उचलून टाकला आणि त्याचं डोकं आखाड्याच्या कडेला आपटलं. तिथं माती संपून दगड सुरू होतात. पण गडी उठला, मान झटकली आणि झुंजून शेवटी कुस्ती मारलीसुद्धा. आणि मग जे केलं त्यानं सगळी जत्रा खूश झाली. आपल्या वस्तादाकडं न येता तो सरळ हरलेल्या पैलवानाच्या वस्तादाकडं गेला, त्याच्या पाया पडला आणि त्यांच्याच पोरांत जाऊन बसला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मोठ्या मनाचा पैलवान म्हणून त्याच्या नावानं फेटे उडाले. महारुद्रांनी मोबाईल काढून ते सगळं शिवप्रियाला दाखवलं. त्यांची छाती फुगली होती.

शिवप्रियानं ते दोनदा बघितलं. “वस्ताद,” ती म्हणाली, “हा मोठ्या मनानं नाही गेला तिकडं. आपला वस्ताद कोण आणि दुसऱ्याचा कोण, हे त्याला कळत नव्हतं.”

वस्ताद हसले. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले.

तिनं कुलदीपला खुर्चीवर बसवलं आणि पाच शब्द सांगितले. वार उलटे म्हणायला लावले. तो रविवार, शनिवार म्हणाला आणि परत रविवारवर आला. पावलाला पाऊल लावून उभा केला तर कमलबाईनं धरला म्हणून पडला नाही. शब्द परत विचारल्यावर त्याला विळा आठवला, चूल आठवली, आणि मग तो आईकडं बघत बसला. एवढा दांडगा गडी, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कमलबाईनं पदरानं ते पुसलं आणि कुणाला दिसलं का म्हणून इकडं तिकडं बघितलं.

बार्शीला जाऊन सीटी काढून आणला तो अगदी साफ. वस्ताद तो कागद घेऊन पेढे वाटल्यासारखे गावभर फिरले. शिवप्रियानं मात्र सगळ्यांदेखत सांगून टाकलं की तालीम बंद, जोर-बैठका बंद, मोबाईल बंद, अंधाऱ्या खोलीत आराम. डोकं दुखायचं पुरतं थांबल्याशिवाय आखाड्याच्या मातीला पाय लावायचा नाही. “पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला, तर साधा धक्कासुद्धा पुरतो,” ती म्हणाली. “मग माणूस उरत नाही. उरला तरी कामाचा राहत नाही.”

हे तिनं बरोबर सांगितलं. तिच्या जागी तालुक्यातला दुसरा कुणी डॉक्टर असता तर त्यानं गोळ्या देऊन पोराला तालमीत धाडला असता. इथपर्यंत तिला कुणी बोल लावू शकणार नाही.

पण चैत्रात देवखडीची जत्रा होती आणि कुलदीपनं विडा आधीच उचललेला होता. या गावची रीत अशी की जत्रेच्या शेवटच्या मानाच्या कुस्तीसाठी देवापुढं तबकात विडा ठेवायचा. तो उचलला की तो पैलवान गावाचा. आणि उचलून जर तो आखाड्यात उतरला नाही, तर त्याच्या घरातल्या बाईनं, आई असेल तर आईनं, भरल्या आखाड्यात मधोमध जाऊन तो विडा मातीवर परत ठेवायचा. एरवी आखाड्याच्या मातीला बाईचा पाय लागू देत नाहीत. विडा परत करायचा असला की मात्र चालतो.

गावातल्या धुरपदाबाईवर ती वेळ आली होती. कमलबाई लग्न होऊन गावात आली तेव्हाची गोष्ट. धुरपदाबाईचा पोरगा तापानं फणफणला होता, तरी तिला जावं लागलं. हजारो गडी माणसं बघत होती, हसत होती, कुणी ढेकळं मारली, कुणी काय काय बोललं. अजूनही ती पाण्याला निघाली की पोरं मागून तिला ‘विडेवाली’ म्हणून ओरडतात. ज्या पोरांचे बापही तेव्हा नाकातला शेंबूड पुसायच्या वयाचे होते, ती पोरं.

गावानं शिवप्रियावर दात धरला. जत्रेच्या पंचमंडळींनी आधी गोड बोलून बघितलं, मग वरून कुणाचा तरी फोन आणला. कुर्डुवाडीकडचा पैलवान समोर होता, तेव्हा मॅडम कुर्डुवाडीवाल्यांना फितूर झाल्या, अशीही बोंब उठली. केंद्रात पेशंट यायचे कमी झाले. शिवप्रियाला वरवर याची मजा वाटायची, पण आत कुठंतरी ते टोचत होतं. आपण बरोबर आहोत हे एवढं उघड असताना माणसं मान्य का करत नाहीत, हा तिचा राग. शेवटी त्या रागात तिनं पंचांना तोडून सांगितलं, “जत्रेआधी मी त्याला परत तपासते. सगळ्यांसमोर तपासते. बरा झाला असेल तर मीच म्हणेन लढ, आणि मांडवात पहिल्या रांगेत येऊन बसेन. मग तर झालं?”

मंडळी खूश होऊन गेली. खरं तर अशा पेशंटला एक दिवस तपासून सोडायचं नसतं. आधी चालायला लावायचं, मग पळायला, मग थोडी मेहनत, आणि प्रत्येक पायरीवर डोकं दुखतंय का ते बघायचं. हे तिला ठाऊक होतं, तिनंच भूमला शिकवलं होतं. पण तिनं तपासणीचीच कुस्ती करून टाकली, आणि कुस्ती म्हटल्यावर हे गाव जिंकायलाच बघणार.

दुसऱ्या दिवशी कमलबाई एकटीच आली. बाकीचे पेशंट जाईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“मॅडम, त्यो न्हाय उतरला तर विडा माझ्या पदरात यील,” ती म्हणाली.

“मावशी, विडा मोठा की पोरगं मोठं?”

“पोरगंच की. म्हणून तर आले. तुमी त्येला पास कशानं करनार, त्ये तेवडं सांगा.”

शिवप्रिया घाईत होती. तिनं बॅग आवरता आवरता सांगितलं, “अवघड काही नाही त्यात. सांगितलेले शब्द नीट आठवले, वार उलटे आले, उभं राहताना तोल गेला नाही, की समजायचं डोकं बरं झालं.”

“म्हंजी येवडं आलं की बरं झालं?”

“हो.”

“मंग हुईल,” कमलबाई म्हणाली आणि हात जोडून निघून गेली.

तपासणीच्या दिवशी केंद्रात लहान पोरांना लसी टोचायचा वार होता. आत रडारड, बाहेर निम्मं गाव, खिडकीच्या गजांना तालमीतली पोरं लोंबकळलेली. सिस्टर गजराबाई ओरडून थकल्या तरी कुणी हटेना. कुलदीप पांढरा शर्ट घालून आला होता. अंगावर थोडं मांस चढलं होतं, चेहरा धुऊन स्वच्छ केलेला.

“डोकं दुखतंय?”

“न्हाय.”

“मळमळ? चक्कर?”

“न्हाय.”

“रात्री झोप लागते?”

“लागती.”

आता शब्द सांगायचे. इथं शिवप्रिया थोडी थांबली. पुण्यात एक गोष्ट घोटून घोटून सांगितली होती, की एकाच पेशंटला दुसऱ्यांदा तेच शब्द देऊ नका, नाहीतर तुम्ही त्याचा मेंदू तपासणार नाही, पाठांतर तपासाल. तिला ते आठवलं. त्या क्षणी, त्या रडारडीत, तिला ते लख्ख आठवलं. कुदळ, पाटी, हळद, दोर असं काहीतरी दुसरं तिनं मनात जुळवायलाही घेतलं. पण ते शब्द तिनं कुणावर वापरून बघितले नव्हते. जुने पाच तिचे हातखंडा होते, आणि एवढ्या लोकांसमोर अडखळायचं म्हणजे काय, खिडकीतली पोरं हसली असती. आणि खरं सांगायचं तर त्या पोरानं पास व्हावं असं तिलाही वाटत होतं. आपण अडवला तेव्हाही बरोबर होतो आणि सोडतोय तेव्हाही बरोबर आहोत, हे गावानं एकदा बघायला हवं होतं.

“विळा,” ती म्हणाली. “कापूस. चूल. मोगरा. घागर.”

कुलदीप ऐकत होता. घागर तिच्या तोंडून यायच्या आधीच त्याचे ओठ हलले होते. कोपऱ्यात उभ्या कमलबाईचेही ओठ हलत होते. शिवप्रियाला वाटलं, बिचारी देवाचं नाव घेतेय.

वार उलटे त्यानं धडाधड म्हटले. पावलाला पाऊल चिकटवून, डोळे मिटून तो खांबासारखा उभा राहिला. मग शब्द विचारले, तर त्यानं त्याच क्रमानं, न अडखळता पाचही म्हणून दाखवले आणि आईकडं बघितलं. दार उघडून कुणीतरी आत आलं, उन्हाची तिरीप त्याच्या तोंडावर पडली आणि त्यानं पटकन मान फिरवली. शिवप्रियानं ते पाहिलं. चैत्राचं ऊन कुणाला सोसतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

“झाला बरा,” ती म्हणाली. “लढू दे.”

खिडकीतून आरोळी उठली. महारुद्र वस्तादांनी पहिल्यांदाच तिला वाकून नमस्कार केला, आणि तो नमस्कार तिला फार आवडला.

जत्रेत तिला मांडवात पहिल्या रांगेत गादीची खुर्ची दिली. डोक्याला फेटा बांधला, गळ्यात हार घातला. लाऊडस्पीकरवरून तिच्या नावाचा पुकारा झाला. उन्हं उतरायला लागली तशी मानाची कुस्ती लागली. हलग्या कडाडल्या तेव्हा कुलदीपनं दोन्ही हात कानांवर दाबले. लोकांना वाटलं मातीला नमस्कार करून कान पकडतोय. शिवप्रियालाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेणं तिनं पत्करलं.

कुस्ती दांडगी वगैरे काही झाली नाही. सलामी झडली, थोडी खडाखडी झाली, आणि कुर्डुवाडीवाल्यानं पायाला हात घालून त्याला साधा खाली घेतला. माती मऊ होती. तालमीत दिवसातून कितीतरी वेळा पडतात तसा तो पडला आणि डोकं मातीला जेमतेम टेकलं. उठला. चार पावलं चालला. समोरच्याकडं न जाता बाजूलाच वळला, खाली बसला, आणि मग निजायला आल्यासारखा कुशीवर आडवा झाला.

“दम घेतोय, दम घेतोय! डाव हाय त्येचा!” वस्ताद ओरडले. हलग्या वाजतच राहिल्या.

शिवप्रिया खुर्चीवरून उठून आखाड्यात धावली. कुणीतरी तिचा दंड धरला आणि बाईनं मातीवर जायचं नाही म्हणून ओरडलं. तिनं हिसका देऊन हात सोडवला. जाऊन बघते तर त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी, एकाची बारीक. ती ओरडत होती आणि हलग्यांत तिचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. तिच्या डोक्यावरचा फेटा सुटून पोराच्या छातीवर पडला.

बार्शी, तिथून सोलापूर, कवटी उघडली, पुन्हा शिवली. कुलदीप मेला नाही. मेला असता तर गावानं चार दिवस रडून घेतलं असतं. तो परत आला तो बाजेवर. उजवी बाजू गेलेली, तोंडातून लाळ, शब्द एकही नाही. आईनं हाक मारली तर छताकडं बघतो. भाताची पेज घशात उतरायला अर्धी दुपार जाते. ज्या वस्तादांनी त्याला अंगाखांद्यावर मिरवला होता ते एकदा बघायला आले, उंबऱ्यातच थांबले आणि नवा पोरगा तयार करायला तालमीत निघून गेले.

आणि मग सगळं शिवप्रियावर आलं. मॅडमनंच पास केला. मॅडमनंच लढ म्हटलं. हार घालून घेतला की मॅडमनं. केंद्राच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं घाण लिहून गेलं. धाराशिवला तक्रार गेली, चौकशीला माणूस यायचा ठरला. तिला रात्री झोप येईना. ती स्वतःशी एकेक गोष्ट घोळवत बसायची आणि दर वेळी त्याच ठिकाणी येऊन अडकायची, जिथं तिनं दुसरे शब्द मनात घेतले होते आणि सोडून दिले होते. ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. चौकशीवाल्यालाही कळायचं कारण नव्हतं. तरी त्या जागी आली की ती उठून दिवा लावायची.

चौकशी व्हायच्या आधी एका सकाळी कमलबाई आली. केंद्रात गर्दी होती. महारुद्र वस्ताद गुडघ्याचं औषध न्यायला येऊन बाकावर बसले होते. कमलबाई रांगेत थांबली नाही, थेट टेबलापाशी आली.

“मॅडम, लोक तुमाला उगं बोलायलेत,” ती म्हणाली. “तुमी सगळं इचारलं व्हतं. म्या बगितलंय.”

ही बाई शिव्या देईल म्हणून शिवप्रिया तयार होऊन बसली होती.

“त्येला सगळं यायलं की व्हतं. म्याच घोकून घेतलं न्हवं का त्येच्याकडनं! सकाळी दूध देताना, सांजच्याला भाकरी थापताना. पयल्यांदा कायबी येत नव्हतं. मोगरा तर त्येच्या ध्येनातच ऱ्हाईना. मग यायला लागलं तशी माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, उतार पडला. भिंतीला धरून हुभा करायची, मग हळूच सोडायची.” तिनं कपाळावर आलेले केस मागं सारले. “डोस्कं दुखतंय म्हणायचा. त्येला म्हटलं, येवडं पाठ झालं की दुखायचं ऱ्हाईल. मॅडमनं सांगितलंय.”

बाकावर वस्ताद पुढं सरकून ऐकायला लागले.

“आता त्येला बोलता येत न्हाय,” कमलबाई म्हणाली. “पन म्या म्हणून दाखवते, त्यो ऐकतो. सोलापूरवाले म्हणतेत काय हुयाचं न्हाय. त्यांनी इचारलंच न्हाय त्येला कायबी. तर म्हटलं, तुमाला इचारावं. परत त्येच घोकून घेऊ का नवीन कायतरी द्याल?”

शिवप्रियाला आनंद झाला. हे लिहायला हात धजत नाही, पण झालं ते असंच झालं. त्या बाईची कीव यायच्या आधी, लाज वाटायच्या आधी, तिला आनंद झाला. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

“मावशी, काय म्हणालात ते परत सांगा,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं. वस्तादांना ऐकू जाऊ दे.”

कमलबाईनं परत सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. भोळी बाई, तिला वाटलं आपल्याकडून मॅडमचं काहीतरी भलं होतंय.

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” शिवप्रिया म्हणाली. मग ती कमलबाईकडं वळली. “तो बरा झालाच नव्हता, मावशी. त्याचं डोकं दुखत होतं आणि तुम्ही त्याला सगळी उत्तरं पाठ करायला लावलीत. घोकून डोकं बरं होत नसतं. तुम्ही मला फसवलंत. आणि त्याला आखाड्यात ढकलला तो तुम्ही.”

कमलबाईचा चेहरा लगेच काही बदलला नाही. एखादं काम सांगितलं आणि ते नीट समजलं नाही तर माणूस जसं उभं राहतं, तशी ती उभी राहिली. सिस्टर गजराबाई पुढं होऊन तिचा हात धरायला गेल्या. तिनं हात सोडवून घेतला. समजायला तिला वेळ लागला आणि समजलं तेव्हा तिनं टेबलाची कड धरली.

“विड्याचं भ्या वाटलं व्हतं,” ती पुटपुटली. “पन त्येवड्यासाटी न्हाय केलं ओ. बरा व्हावा म्हणून केलं.”

गजराबाईंनी तिच्यापुढं खुर्ची सरकवली, पण ती बसली नाही.

“मॅडम,” ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. बुडणारं माणूस चाचपडत काहीतरी धरायला बघतं, तेवढंच होतं. “त्येला फकस्त त्येच येत व्हतं. दुसरं काय येत नव्हतं. दुसऱ्या खेपंला तुमी येगळं कायतरी इचारलं असतं, तर त्येला आलं नसतं. मंग तुमाला कळलं असतं का ओ?”

बाकावरची सगळी माणसं शिवप्रियाकडं बघत होती. गजराबाईही बघत होत्या. एक शब्द बोलायचा होता. तो बोलली असती तर त्या बाईच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं. नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नसतीही गेली.

“नाही,” शिवप्रिया म्हणाली. “काहीही विचारलं असतं तरी कळलं नसतं.”

“मंग माझंच म्हणायचं.”

“हो मावशी. तुमचंच.”

कमलबाईनं मान हलवली. पदर नीट डोक्यावर घेतला. “त्येला भरवायचं ऱ्हायलंय,” असं कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाली आणि दाराकडं निघाली. ती जवळून जाताना महारुद्र वस्तादांनी बाकाखाली पाय ओढून घेतले, आणि ती पुरती बाहेर पडायच्या आत शेजारच्याला म्हणाले, “आई न्हाय, वैरीण निगाली.” शेजारच्यानं मान डोलावली आणि ते पुढच्याला सांगितलं. कमलबाई पायरीवर क्षणभर थबकली आणि मग उन्हात चालायला लागली.

शिवप्रियानं ते सगळं ऐकलं. मग ती खाली बसली, टेबलावरचे कागद सारखे केले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.